मलावी: दहा दिवसांत तलाव आणि सफारी दोन्ही जमेल का?

मेधा_सायं 

नमस्कार मंडळी. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात मलावीला जायचं घाटतंय. केनिया-टांझानियाला ओळखीतले सगळे जाऊन आले, त्यामुळे लेकीने हट्ट धरला की आपण दुसरीकडे जायचं.

आम्ही चौघं. मी, नवरा, नुकतीच कॉलेजला लागलेली लेक आणि सासूबाई. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत. तब्येत ठणठणीत, गुडघा तेवढा कुरकुरतो, आणि त्या पूर्ण शाकाहारी. लेकीला तलावातले रंगीत मासे पाण्यात उतरून बघायचेत. नवऱ्याने गेंडा मनावर घेतलाय. सासूबाईंना हत्ती हवेत, पण "हाडं खिळखिळी न होता". मला एक अख्खी दुपार कुणी काहीही न विचारता पुस्तक घेऊन बसायला मिळालं तरी पुरे.

एका सहल कंपनीने आराखडा दिलाय: लिलाँग्वेला उतरायचं, मग न्यीका पठार दोन रात्री, लिकोमा बेट दोन रात्री, न्खोताकोताचं जंगल एक, तलावाकाठचं केप मक्लिअर गाव दोन, लिवोंडेचं जंगल एक, माजेतेचं जंगल एक, आणि ब्लँटायरहून परत. कागदावर फार देखणा दिसतो. पण सहा ठिकाणं आणि नऊ रात्री, म्हणून मनात पाल चुकचुकतेय. कुणी राहिलंय का तिकडे? मलेरिया, तलावातलं पोहणं, शाकाहारी जेवण, सगळ्याबद्दल सांगा.

---

चहामळा

मेधाताई, तो आराखडा आधी बाजूला ठेवा. ज्याने केलाय त्याने नकाशा टेबलावर पसरून केलाय, गाडीत बसून नाही. मी थ्योलोला चहाच्या कारखान्यात हिशेब सांभाळायचो. सुट्टी मिळाली की गाडी काढायची, एवढाच छंद होता. म्हणून जरा अधिकारवाणीने बोलतोय, राग मानू नका.

मलावी उभा, चिंचोळा देश आहे. नुसता तलावच ५८० किलोमीटर लांब. न्यीका पार वरच्या टोकाला आणि माजेते पार खाली. लिलाँग्वेहून उत्तरेतलं मझुझु शहर गाठण्यातच दिवस जातो, आणि पठारावर चढायचा रस्ता त्याच्या पुढे, तोही कच्चा. न्यीका सुंदर आहे, प्रश्नच नाही. उघडी गवताळ पठारं, झेब्रे, रोन नावाचं घोड्याएवढं हरीण. पण जुलैत तिथे रात्री दहिवर गोठतं, सासूबाईंच्या गुडघ्याला ते मानवणार नाही. लिकोमाला इलाला नावाची बोट जाते, १९५१ पासून तलावात फिरतेय. ती आली की आली. छोट्या विमानानेही जाता येतं, पण खिसा हलका होतो. दोन्ही ठिकाणं पुन्हा कधीतरी फक्त उत्तरेसाठी गेलात तर करा.

आत्ता दक्षिण धरा. लिलाँग्वेला उतरून केप मक्लिअर तीन रात्री, लिवोंडे तीन, मग वाटेत झोम्बाच्या पठारावर एक, माजेते दोन, आणि ब्लँटायरच्या चिलेका विमानतळावरून परत. सगळं वरून खाली एका ओळीत येतं, एकही रस्ता पुन्हा तुडवावा लागत नाही.

आता जनावरांचं. तिकडे जाताना मनात सेरेन्गेटी ठेवून गेलात तर हिरमुसाल. क्षितिजापर्यंत कळप दिसत नाहीत. मलावीची जंगलं शिकारीने रिकामी झाली होती आणि ती पुन्हा भरलीत, हे डोक्यात ठेवून बघितलं की तिथली प्रत्येक गोष्ट वेगळी दिसते. माजेतेचं उदाहरण घ्या. २००३ साली सरकारने ते आफ्रिकन पार्क्स या संस्थेकडे सोपवलं तेव्हा आत एकही हत्ती उरला नव्हता. त्याच वर्षी काळे गेंडे आणले, २००६ पासून हत्ती, मग बिबटे, २०१२ ला सिंह. आणि २०१७ मध्ये तिथले हत्ती इतके वाढले होते की दीडशेच्या वर हत्ती ट्रकमध्ये घालून न्खोताकोताला पाठवले! लिवोंडेतूनही २०१६ साली तसेच नेले होते, दोन्ही मिळून पाचशेहून जास्त. गुंगीचं इंजेक्शन दिलेला हत्ती क्रेनला पाय वर करून उलटा टांगलेला, अशी ती छायाचित्रं तुम्ही कदाचित पाहिली असतील.

लिवोंडे त्याच संस्थेकडे २०१५ ला आलं. चित्ते २०१७ ला, सिंह २०१८ ला, रानकुत्रे २०२१ ला. हे सगळं गोड गोड आहे असंही नाही. २०२२ मध्ये लिवोंडेचे २६३ हत्ती कासुंगू नावाच्या दुसऱ्या उद्यानात हलवले, आणि ते तिथून आजूबाजूच्या शेतांत शिरून माणसं दगावली. त्यावरून अजून भांडणं चालू आहेत. तुमच्या गाइडला याबद्दल विचारा. चांगला गाइड असेल तर टाळणार नाही.

लिवोंडेत गाडीपेक्षा होडी घ्या. रोज. शिरे नदी तलावातून निघते आणि उद्यानाच्या पश्चिम अंगाने खाली जाते. काठाला ताडासारखी झाडं, पाण्यात पाणघोड्यांचे थवे आणि मगरी. संध्याकाळी चारनंतर हत्ती नदीवर येतात. होडीवाला इंजिन बंद करतो आणि होडी लव्हाळ्याला लावतो. हत्तीण आधी सोंडेने काठाची माती चाचपते, पाय टाकते, थांबते, मग उतरते. पिल्लू मधे, मागून दुसरी हत्तीण त्याला कपाळाने लोटत असते. खोल भागात फक्त सोंडा वर दिसतात. पलीकडे चढले की अंगावर सरळ रेघ असते, रेघेखाली काळाभोर हत्ती आणि वर धुळकट. सासूबाईंना खुर्चीत बसून हे बघायला मिळेल, हाडं शाबूत.

गेंड्याचं मात्र नवऱ्याला आधीच सांगून ठेवा. काळा गेंडा झुडपातला, लाजरा आणि तिरसट. लिवोंडे आणि माजेते दोन्हीकडे आहे. दिसला तर प्रसाद समजायचा.

केप मक्लिअरला तलावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, १९८४ पासून युनेस्कोच्या यादीत. तिथे बेटांजवळच्या खडकांत म्बुना नावाचे मासे असतात. निळे, पिवळे, पट्टेरी, हातभर पाण्यातसुद्धा दिसतात. या तलावात माशांच्या जितक्या जाती आहेत तितक्या जगातल्या दुसऱ्या कुठल्याच तलावात नाहीत, आणि बहुतेक फक्त इथल्याच. यातल्या पुष्कळ जातींत मादी अंडी तोंडात धरून उबवते आणि पिल्लं मोठी होईतो खात नाही. लेकीला सांगा, गळा फुगलेली मादी दिसली तर जवळ जाऊन छळू नको.

गाव मात्र गाव आहे, रिसॉर्ट नाही. किनाऱ्यावर बायका भांडी घासतात, मुलं "गिव्ह मी मनी" म्हणत मागे येतात, आणि बांबूच्या मचाणांवर उसिपा हे बारीक मासे वाळत घातलेले असतात. सुकटीच्या वासाची सवय असेल तर काही वाटणार नाही. सासूबाईंना कल्पना देऊन ठेवा आणि मुक्काम किनाऱ्याच्या टोकाला घ्या. जुलैत म्वेरा म्हणून दक्षिणेकडचा वारा सुटतो, तो सुटला की तलाव समुद्रासारखा उसळतो. बेटावर जायचं ते सकाळी लवकर. वाऱ्याच्या दिवशी होडीवाला नको म्हणाला तर घासाघीस करू नका. तुमच्या पुस्तकाची दुपार तीच.

जेवणाचं: न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाचा पांढरा, घट्ट गोळा, हाताने खायचा. त्याबरोबर उसळीसारखे शिजवलेले घेवड्याचे दाणे मिळतात, आणि भोपळ्याची कोवळी पानं शेंगदाण्याच्या कुटात शिजवून देतात. ती भाजी सासूबाईंना घरची वाटेल. फक्त "न्यामा नको, न्सोम्बा नको" हे दोनदा सांगा. न्यामा मांस, न्सोम्बा मासे. नाहीतर पालेभाजीत चवीला वाळकी उसिपा टाकतात आणि ती त्यांच्या लेखी भाजीच असते. ब्लँटायरला लागून असलेल्या लिंबेला गुजराती दुकानं आहेत, तिथे डाळ-तांदूळ-लोणचं सगळं मिळतं, पण ते सहलीच्या शेवटी. आधीचे दिवस खाकरे न्या.

---

डॉ_पिंपळपान

वरचं उत्तर वाचून मलाच जावंसं वाटायला लागलं. मी फक्त आजारांचं बोलते.

मलेरिया: संपूर्ण मलावीत, बाराही महिने, आणि बहुतांश फाल्सिपेरम, म्हणजे जीवघेणा प्रकार. "आपल्याला डासांची सवय आहे" हे वाक्य कृपया कुणी म्हणू नका, त्या सवयीचा इथे काडीचा उपयोग नाही. घरात जुनं क्लोरोक्विन पडलं असेल तर तेही नेऊ नका. मलावीने १९९३ सालीच मलेरियासाठी क्लोरोक्विन बंद केलं, आफ्रिकेत सर्वात आधी. चौघांनीही प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस चालू ठेवतात. डॉक्सिसायक्लिन स्वस्त, पण परतल्यावर चार आठवडे घ्यावी लागते आणि उन्हात कातडी भाजते. होडीत बसणाऱ्यांनी हे लक्षात घ्या. सासूबाईंच्या इतर औषधांशी जुळतं का ते त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि परत आल्यावर तीन महिन्यांत, अगदी वर्षभरातसुद्धा, ताप आला तर दवाखान्यात पहिलं वाक्य "आफ्रिकेत जाऊन आलो" हे.

तलाव: पोहायला हरकत नाही, पण बिल्हार्झिया हा कृमींचा आजार आहे आणि केप मक्लिअरला तो चांगलाच आहे. गोगलगायीतून निघालेले सूक्ष्म जंतू पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. गोगलगायी खाणारे मासे बेसुमार पकडले गेले आणि गोगलगायी माजल्या, असं तिथल्या अभ्यासकांचं म्हणणं आहे. गावाजवळचं उथळ, गवताळ पाणी टाळायचं. बेटांजवळ खोल, खडकाळ पाण्यात धोका कमी, शून्य नाही. टॉवेलने खसखसून पुसलं की झालं, यावर विसंबू नका. प्राझिक्वांटेल नावाचं औषध आहे, पण ते लगेच घेऊन उपयोग नाही. कोवळे कृमी त्याला दाद देत नाहीत. पाण्यात उतरल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी आणि गरज असेल तर औषध.

पीतज्वर: मलावीत नाही. पण विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल, तर ते देश पीतज्वराच्या यादीत येतात. तिथे विमानतळावर बारा तासांहून जास्त थांबलात तर मलावीत लशीचं प्रमाणपत्र मागतात, आणि तिथे विमानतळाबाहेर पडलात तर भारतात परततानाही मागतील. साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेताना धोका वाढतो, त्यामुळे सासूबाईंसाठी सर्वात सोपा मार्ग म्हणजे थांबा छोटा असलेलं तिकीट काढणं आणि विमानतळावरच थांबणं. बाकीच्यांनी लस घ्यायची असेल तर ती सरकारमान्य केंद्रातच, आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. हे शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

---

खंड्या

चहामळा यांचं बरंचसं पटलं, एक सोडून. एवढं लांब जाताय आणि नवऱ्याला जनावरं हवीत, तर माजेतेच्या दोन रात्रींऐवजी सुरुवातीलाच झांबियातलं साउथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यान करा. लिलाँग्वेहून म्चिंजीची सीमा, चिपाटा, मग म्फुवे. सीमेवरच्या रांगेसकट एक दिवस धरा. तिथे रात्रीच्या फेऱ्या असतात, हातदिवा घेऊन. बिबट्यासाठी त्या भागाइतकी खात्रीची जागा मी तरी पाहिली नाही. लिवोंडेत बिबट्या शोधणं म्हणजे नशिबाची परीक्षा.

लिवोंडेला नाही म्हणत नाही. पक्ष्यांसाठी तर मीच आग्रह धरेन. बोम्स बी-ईटर बघा, आपल्या वेड्या राघूचाच भाऊबंद पण डोकं विटकरी. लिलियन्स लव्हबर्डचे थवे मोपाने झाडांतून किलबिलत जातात. आणि अंधार पडताना होडीवाल्याला पेल्स फिशिंग आउलबद्दल विचारा, मासे मारणारं भलंथोरलं तांबूस घुबड. नदीकाठच्या मोठ्या झाडात बसतं. दुर्बीण चौघांत एक नेऊ नका, भांडणं होतात.

---

मेधा_सायं

किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी! घरी वाचून दाखवलं. सासूबाईंनी "उत्तर नको" वर तत्काळ सही केली. नवरा लुआंग्वाकडे झुकलाय. लेक म्हणते तलावाच्या रात्री कमी केल्या तर ती येणारच नाही.

दोन शंका. गाडी स्वतः चालवावी का? नवऱ्याला हौस आहे आणि तिकडे डावीकडूनच चालवतात असं ऐकलं. आणि पैसे कसे न्यायचे?

---

चहामळा

खंड्या म्हणतात ते बिबट्याबद्दल खरं आहे. पण त्यासाठी दोन देश, दोन व्हिसा, जाता-येता सीमा, आणि एकूण दोन दिवस गाडीत. सासूबाई बरोबर नसत्या तर मीही तेच म्हटलं असतं. बिबट्या पाहिजेच असेल तर झोम्बा आणि माजेते दोन्ही उडवा आणि लिलाँग्वेहूनच परत या, पण केप मक्लिअर आणि लिवोंडे यांतली एकही रात्र कापू नका. लेकीचं बरोबर आहे.

गाडी: डावीकडून चालवतात, रस्ते मुख्य मार्गांवर ठीक आहेत, हौस दिवसा भागवता येईल. अंधारात अजिबात नाही. दिवा नसलेल्या सायकली, त्यावर माणसाच्या उंचीचा कोळशाचा ढीग, बकऱ्या, आणि बंद पडलेला ट्रक रस्त्यातच उभा, मागे धोक्याची खूण म्हणून झाडाच्या फांद्या टाकलेल्या. फांद्या दिसल्या की वेग कमी करा, पुढच्या वळणावर काहीतरी आहे. गावात ५० ची मर्यादा असते आणि पोलीस आंब्याच्या सावलीत यंत्र घेऊन बसलेले असतात. पावती मागा, नम्रपणे. बोलायला सुरुवात "मुली ब्वांजी" ने करायची, म्हणजे कसे आहात. खुशाली न विचारता थेट कामाचं बोलणारा माणूस तिथे उद्धट समजतात, आणि पोलिसाशी तर हे विसरूच नका.

तरी माझा सल्ला विचाराल तर चालकासह गाडी घ्या. कारण एकच, पेट्रोल. परकीय चलनाची चणचण आली की पंप कोरडे पडतात आणि रांगा लागतात. ती तुमच्या सुट्टीतच येईल असं नाही, पण आली तर तेल कुठे मिळेल हे तिथल्या चालकाला फोनवर कळतं. तुम्ही नुसते रांगेत उभे राहाल. गाडी ठरवताना "तेलाची जबाबदारी तुमची" असं लेखी घ्या.

पैसे: डॉलर न्या, नव्या, न दुमडलेल्या नोटा. लॉजचे पैसे आधीच भरून टाका. वरखर्चाला क्वाचा, म्हणजे तिथलं चलन, लागतो. २०२३ च्या नोव्हेंबरात त्याची किंमत ४४ टक्क्यांनी उतरवली, आणि सगळ्यात मोठी नोट ५००० ची, त्यामुळे शंभर डॉलर बदलले तरी पुडकं मिळतं. रस्त्यावर कुणी दुप्पट भाव देईल. तो बेकायदा आहे आणि पुडक्यात मधल्या नोटा गायब असतात. बँकेत किंवा परवानाधारक ब्युरोतच बदला. गावात कार्ड चालत नाही.

व्हिसाचे नियम २०२४ पासून बदलत आलेत, तेव्हा कुणा मित्राच्या अनुभवावर जाऊ नका. सरकारी ई-व्हिसाच्या संकेतस्थळावर बघा, तिकिटं काढायच्या आधी.

कपड्यांचं कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. जुलैत पहाटे उघड्या गाडीत आणि होडीत दात वाजतात, सगळ्यांना स्वेटर आणि कानटोपी. गडद निळे आणि काळे कपडे नकोत, त्सेत्से माशी त्यांवरच येऊन बसते. ती पकडायचे सापळेसुद्धा त्याच रंगांचे असतात. तुमच्या मार्गावर तिचा फार त्रास नाही, न्खोताकोताला असतो, पण जीन्स घालून जंगलात कशाला जायचं?

आणि शेवटचं वेळापत्रकाचं. माजेतेहून चिक्वावामार्गे घाट चढून ब्लँटायरला यायला अंतर कमी दिसतं, सत्तर किलोमीटरच्या आसपास. पण घाटात एखादा उसाचा ट्रक अडकला की तासभर गेला. परतीचं विमान दुपारचं असेल तर आदल्या रात्रीच ब्लँटायरला येऊन राहा. त्यासाठी माजेतेची एक रात्र गेली तरी चालेल. लिंबेची दुकानं पाचला बंद होतात, सासूबाईंना लोणचं घ्यायचं असेल तर त्याआधी पोचा.